नेट हळू असलं तरी काम अडू नये



मागच्या वर्षीची गोष्ट. एका प्रवेश परीक्षेचा ऑनलाइन अर्ज भरायची शेवटची तारीख होती. वर्गातल्या एका मुलीचे वडील शेतातून थेट शाळेत आले. "मॅडम, एवढा फॉर्म भरून द्या. पोरीची संधी जायला नको." फोनला रेंज एकच कांडी. अर्ज भरत आणला की पान अडकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं. शेवटी मी नेट बंद केलं. सगळी माहिती आधी वहीत लिहून घेतली, फोटो लहान केला आणि मगच नेट चालू केलं. दहा मिनिटांत अर्ज गेला. रेंज तीच होती, पद्धत बदलली होती. तीच पद्धत आज सांगते.

आधी थोडं गणित

नेटचा वेग एमबीपीएसमध्ये सांगतात आणि फाईलचा आकार एमबीमध्ये. दोन्ही सारखंच वाटतं, पण वेग मोजताना बिट धरतात आणि फाईल मोजताना बाईट. ८ बिट म्हणजे १ बाईट. म्हणून १ एमबीपीएस वेगाने १ एमबीची फाईल यायला साधारण ८ सेकंद लागतात. ४० एमबीचा व्हिडिओ असेल तर ४० × ८ = ३२० सेकंद, म्हणजे पाच मिनिटांहून जास्त. (हे गणित वर्गात घालून बघा, मुलांना आवडतं.)

अपलोडचा वेग तर बहुतेक वेळा याहून कमी असतो. समजा तो पाव एमबीपीएस मिळाला, तर ४ एमबीचा फोटो चढायला दोन मिनिटांच्या वर लागतात. तोच फोटो १०० केबीचा केला तर तीन-चार सेकंदांत जातो. म्हणजे वेग आपल्या हातात नसला तरी फाईलचं वजन आपल्या हातात आहे.

अर्ज आणि ऑनलाइन माहिती भरताना

१. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खाते अशी सगळी माहिती आधी वहीत किंवा एक्सेलमध्ये तयार ठेवा. पान उघडून शोधाशोध करत बसलो की वेळ संपून पान बंद होतं.
२. फोटो आणि सही किती केबीपर्यंत चालते ते सूचनांमध्ये वाचा आणि त्या मापात आधीच करून ठेवा.
३. पानावर 'सेव्ह'ची सोय असेल तर प्रत्येक टप्प्यावर सेव्ह करा.
४. 'सबमिट' दाबल्यावर गोल चक्र फिरत राहिलं तरी पुन्हा पुन्हा दाबू नका. थोडं थांबा, मग अर्ज गेला की नाही ते तपासा.
५. शक्य असेल तर पहाटे किंवा रात्री उशिरा बसा. गर्दी कमी असते.

वर्गात शिकवताना

तासाला व्हिडिओ लावायचा आणि तो अडकायचा, की वर्ग हातचा गेलाच म्हणून समजा. त्यापेक्षा आदल्या दिवशी चांगली रेंज असेल तिथे डाउनलोड करून ठेवा. दीक्षा अॅपमधले पाठ डाउनलोड केले की नंतर नेटशिवाय चालतात. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ एकदाच उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवा. यूट्यूबवर थेट दाखवायचंच असेल तर क्वालिटी ३६० किंवा २४० करा.

फोनमध्ये एवढं करा

- व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन मोबाईल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. आपण अर्ज भरत असतो आणि मागे 'सुप्रभात'चे फोटो उतरत असतात!
- प्ले स्टोअरमध्ये अॅप अपडेट फक्त वायफायवर ठेवा.
- डेटा सेव्हर चालू करा.
- रेंज खिडकीतच येत असेल तर फोन तिथेच ठेवा आणि हॉटस्पॉट लावून कॉम्प्युटर जोडा.
- नेट पूर्ण अडकलं तर विमान मोड चालू करून काही सेकंदांनी बंद करा. फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो.

पालकांसाठी

शाळेच्या ग्रुपवर व्हिडिओ आला तर तो एका घरी उतरवून घ्या. बाकीच्यांना क्विक शेअरने किंवा ब्लूटूथने द्या. त्याला नेट लागत नाही. आणि शिक्षकांनो, आपणही गृहपाठाचा व्हिडिओ पाठवण्याआधी विचार करूया. दोन ओळींत लिहून किंवा एका मिनिटाच्या आवाजात तेच सांगता येत असेल, तर ज्याच्याकडे रोजचा डेटा दुपारीच संपतो त्या घरातलं मूलही मागे राहत नाही.

थोडक्यात काय, कामाला बसण्याआधी दोन याद्या करा. नेट लागतं ते काम आणि नेट लागत नाही ते काम. दुसरी यादी आधी संपवा. पहिली आपोआप छोटी होते.

ती मुलगी परीक्षेला बसली. निकाल तिच्या अभ्यासावर ठरणार होता. पण रेंज नाही म्हणून तिची संधी गेली नाही, हे माझ्यासाठी पुरेसं होतं.