थायरॉईडची गोळी चालू आहे, पण आकडा कोण बघतो?

“काही नाही, अशक्तपणा आहे.” दवाखान्यातून परत आलेल्या बायकांच्या तोंडून हे वाक्य आम्ही वस्तीवस्तीत ऐकतो. केसपेपरवर बी-कॉम्प्लेक्स, कॅल्शियम, फार झाले तर एक सलाईन. महिन्याभराने पुन्हा तीच तक्रार आणि पुन्हा तीच चिठ्ठी. घरात सासू म्हणते काम टाळते, कामावर मुकादम म्हणतो आळस भरलाय. आपल्या माणसांना आळशी म्हणण्याची सवय या समाजव्यवस्थेला जुनीच आहे. दुःख याचे की वर्ष-दोन वर्षे हे ऐकल्यावर ती बाईसुद्धा स्वतःला आळशी समजू लागते.

खाणे तेवढेच, तरी वजन वाढते. सकाळी चेहरा सुजल्यासारखा दिसतो, आवाज घोगरा होतो, फणीत केसांचा पुंजका येतो. मे महिन्यातही पंखा नको वाटतो. चार-चार दिवस पोट साफ होत नाही, पाळी आली की लवकर थांबत नाही, बोलता बोलता शब्द आठवत नाही, मन कशात लागत नाही. सगळी लक्षणे एकाच बाईत दिसतील असे नाही. पण यातली तीन-चार एकत्र आली, तर भगिनींनो, ताकदीचे इंजेक्शन मागू नका, रक्ताची तपासणी मागा. तिचे नाव टीएसएच.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या भागात असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिचा हार्मोन शरीराचा वेग ठरवतो: हृदयाची गती, आतड्याची हालचाल, अंगातली ऊब, मनाची उभारी. ही ग्रंथी नीट काम करते की नाही यावर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी लक्ष ठेवते आणि टीएसएच नावाचा हुकूम पाठवते. थायरॉईड मंदावली की हुकूम मोठा होतो. म्हणजे टीएसएचचा आकडा चढला तर थायरॉईडचे काम उतरलेले असते. आपल्याकडे सर्रास म्हणतात, “माझा थायरॉईड वाढलाय.” वाढलेला असतो तो टीएसएच. हा घोळ एवढ्यासाठी सोडवायचा की आकडा आणखी चढलेला पाहून काही जणी “औषध जास्त झाले” असे समजून गोळी बंद करतात. खरे तर तिथे गोळी कमी पडत असते.

हा आजार दुर्मिळ नाही. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद आणि गोवा इथल्या पाच हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ११ टक्के लोकांमध्ये मंद थायरॉईड आढळला. स्त्रियांमध्ये जवळपास १६ टक्के, पुरुषांमध्ये ५ टक्के. त्यातल्या साधारण तिघांपैकी एकाला आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नव्हते. पुष्कळदा कारण असते हाशिमोटो आजार. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली तो नोंदवला. यात शरीराचीच प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उलटते. त्यात त्या बाईचा काही दोष नाही, आणि मागच्या जन्माचा तर मुळीच नाही.

आता तपासणीबद्दल थोडे सविस्तर, कारण खरी अडचण इथेच आहे. प्रौढांमध्ये टीएसएच साधारण ०.४ ते ४.५ च्या दरम्यान असतो. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी, म्हणून रिपोर्टवर शेजारी छापलेली मर्यादा बघायची. आकडा १० च्या वर आणि त्याबरोबर ‘फ्री टी-फोर’ कमी असेल तर उपचारात दुमत नसते. पण टीएसएच पाच-सहा-सात आणि फ्री टी-फोर ठीक, असे असताना त्याच दिवशी जन्मभराची गोळी सुरू होते, हे आम्हाला पटत नाही. गरोदर नसलेल्या बाईने अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. मधल्या काळात आकडा कितीदा तरी आपोआप खाली येतो. पुन्हा वाढलेलाच आला तर अँटी-टीपीओ ही तपासणी पुढची दिशा सांगते.

केस गळतात म्हणून मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्यांत बहुधा बायोटिन असते. त्याचा डोस मोठा असेल तर कित्येक लॅबच्या यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी आणि टी-फोर खोटाच जास्त दिसतो. म्हणजे केस थायरॉईडमुळे गळतात आणि केसांची गोळीच थायरॉईड लपवते! रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती बंद ठेवा आणि लॅबवाल्याला तसे सांगा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. काही बायांचा टीएसएच नॉर्मल येतो आणि तरीही थायरॉईडचा हार्मोन कमी असतो. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला, रक्तदाब एकदम पडला, तर कधी कधी पिट्यूटरी ग्रंथीलाच इजा होते. मग हुकूम देणारीच दुबळी पडते, टीएसएच चढणार कुठून? याला शीहान सिंड्रोम म्हणतात. पाड्यावर, तांड्यावर, गाडी वेळेवर न मिळालेल्या बाळंतपणांत असा रक्तस्राव आपल्या बायांच्या वाट्याला जास्त येतो. बाळंतपणानंतर अंगावर दूध आले नाही, पाळी परत आलीच नाही, काखेतले केस विरळ झाले, सतत गळाठा, चक्कर: असा इतिहास असेल तर डॉक्टरांना बाळंतपणातल्या रक्तस्रावाची गोष्ट आवर्जून सांगा, ते वर्षानुवर्षे जुने असले तरी. इथे एकटा टीएसएच बघून भागत नाही, फ्री टी-फोर आणि इतर हार्मोनही तपासावे लागतात. आधी कॉर्टिसोलची कमतरता भरून काढून मग थायरॉईडची गोळी द्यायची असते. क्रम चुकला तर जिवावर बेतू शकते.

विनयपिटकात आजारी भिक्खूची सेवा स्वतः करणाऱ्या बुद्धांची कथा आपण विहारात ऐकतो. तिथेच चांगल्या रुग्णाचे गुणही सांगितले आहेत. त्यातला एक असा की सेवा करणाऱ्याला आजार जसा आहे तसा सांगणे, वाढला तर वाढला आणि उतरला तर उतरला. आपल्या बाया नेमके हेच करत नाहीत. डॉक्टरांपुढे “बरं आहे” म्हणून उठतात.

आता गोळी. लेव्होथायरॉक्सिन हे तिचे औषधी नाव. शरीर जो हार्मोन बनवते तोच यात असतो. औषध जुने, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतले, आणि रोजचा खर्च टपरीवरच्या चहापेक्षा कमी. इतके स्वस्त औषध असून बाया बऱ्या का होत नाहीत? आमच्या पाहण्यात दोन कारणे पुन्हा पुन्हा येतात.

पहिले, डोस. २५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू होते आणि तीच चार-चार वर्षे चालते. म्हाताऱ्या किंवा हृदयरोगी माणसाला कमी डोसने सुरुवात करणे योग्यच. पण ग्रंथीचे काम पूर्ण थांबलेल्या प्रौढाला साधारणपणे दर किलो वजनामागे रोज १.६ मायक्रोग्रॅम लागते. ६० किलोच्या बाईला ते शंभराच्या आसपास जाते. प्रत्येकीला एवढे लागेलच असे नाही, म्हणून तर तपासणी. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायचा, त्यावरून पुढचा डोस ठरवायचा. आकडा स्थिरावला की सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. हा दुसरा टीएसएच होतच नाही. दुकानदार जुनी चिठ्ठी बघून बाटली देतो आणि वर्षे जातात.

दुसरे कारण, गोळी घेण्याची पद्धत. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. पण पहाटे पाचला उठून साडेसहाच्या हजेरीला पोचणाऱ्या सफाई कामगार बाईला हा अर्धा तास कोण देणार? ती गोळी चहाबरोबर गिळते, वर जळजळीची गोळी, वर रक्तवाढीची. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. पंडुरोग आणि मंद थायरॉईड आपल्या बायांत हातात हात घालून येतात, त्यामुळे एक औषध दुसऱ्याला मारते आणि दोष बाईच्या नशिबाला. या दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर हवे. सकाळ जमतच नसेल तर रात्रीचे जेवण झाल्यावर तीन तासांनी, झोपताना घेतली तरी चालते. फक्त रोज तीच वेळ. असे सांगितल्यावर आम्हाला विचारतात, “मग आधी कोणी का नाही सांगितले?” याला आमच्याकडे उत्तर नाही. ओपीडीत एका रुग्णाला दोन मिनिटे मिळतात, हे वॉर्डात काम केलेल्या आम्हा नर्सेसना माहीत आहे.

अष्टशील पाळणाऱ्या उपासिका पौर्णिमेला गोळी चुकवतात, असेही पाहिले. औषधाने उपोसथ मोडत नाही. सकाळची गोळी सकाळीच घ्या.

गरोदरपणात मात्र एक दिवसही ढिलाई नको. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर चालते. गोळी चालू असलेल्या बाईला दिवस राहिले की डोस साधारण पाव पटीने वाढवावा लागतो, म्हणून पाळी चुकल्याचे कळताच त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचे. होते उलट: “गोळी गरम पडेल” म्हणून घरचे ती बंद करायला लावतात. आशाताईंनी दिलेल्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या दुपारी-रात्री, थायरॉईडची पहाटे, असे कागदावर लिहून भिंतीला लावा. बाळ जन्मल्यावर त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉईड तपासता येतो, शक्यतो तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. दोष असेल आणि पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाला, तर बाळाची बुद्धी वाचते. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत या दोषाचा समावेश आहे. पण आपण विचारले नाही तर बाळ तपासणीविना घरी येते.

धण्याचे पाणी, गळ्यातला दोरा, “तीन महिन्यांत गोळी बंद” अशा जाहिराती यांवर जास्त शाई घालवत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी दोऱ्यापासून तरी लांब राहावे. शिजवलेला कोबी खायला हरकत नाही. सैंधव आणि खडे मीठ हे आरोग्याचे मीठ असल्याची नवी हवा आहे, त्यात बहुधा आयोडीन नसते. पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेले मीठच घ्या. वजन उतरवायला जास्तीची गोळी खाणाऱ्याही भेटतात. त्याने छातीत धडधड सुरू होते, हृदयाची लय बिघडते आणि पाळी गेलेल्या बाईची हाडे ठिसूळ होतात. टीएसएच नॉर्मल येऊनही थकवा जात नसेल तर डोस वाढवत बसण्यापेक्षा हिमोग्लोबिन, बी-१२, साखर आणि मनाची अवस्था तपासून घ्या.

खर्चाचे काय? राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. महापालिकांची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या व्यवस्थेखाली येतात, तिथे शुल्क आधी विचारा. “थायरॉईड बाहेरून करून आणा” असे सांगितले तर शांतपणे म्हणा, बाहेरून का, ते केसपेपरवर लिहून द्या. एवढ्याने बरीच कामे होतात.

कंत्राटी कामगारांसाठी आणखी एक दार आहे. मुंबई कायदे मंडळात १९२८ साली बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य असताना कामगारांच्या आरोग्य विम्याच्या योजनेवर काम झाले आणि १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा आला. आज महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या, या विमा योजनेखाली येणाऱ्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्या पैशात तपासणी आणि औषध दोन्ही येते. सफाई, सुरक्षा, हाउसकीपिंगमधल्या कित्येक भगिनींच्या पगारातून कपात होते आणि हातात कार्ड नसते. पगारपत्रक मागा, विमा क्रमांक मागा. कंत्राटदार टाळत असेल तर युनियनमार्फत लेखी मागा.

रिपोर्टची प्रत आपली असते. खाजगी डॉक्टरांकडेही उपचाराचे कागद मागितल्यास ७२ तासांत द्यावे लागतात, हा वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीतला नियम आहे. एक वही करा: तारीख, टीएसएच, फ्री टी-फोर, डोस, पुढची तारीख. पाच रकाने पुरेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांची वही विहारातल्या मुलींनी भरावी.

१४ एप्रिलच्या शिबिरांत साखर आणि रक्तदाब बघतात, थायरॉईड राहून जातो. सगळ्यांचा करा असे आम्ही म्हणत नाही. लक्षणे असलेल्या, गरोदर, मूल न राहणाऱ्या, आई-बहिणीला थायरॉईड असलेल्या बायांची नावे आधी काढा आणि तेवढ्यांचा करा. एका रात्रीच्या डीजेच्या पैशात वस्तीतल्या अशा सगळ्या बायांची तपासणी निघते, हे मंडळाच्या पोरांनी एकदा हिशोब करून बघावे. रिपोर्ट वाटायच्या दिवशी डॉक्टर हजर हवेत. नुसते कागद वाटू नका.

आणि दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला निघताना गोळ्यांची बाटली पिशवीत टाका. एखादा दिवस चुकला तर लगेच काही होत नाही, हे औषध शरीरात बरेच दिवस टिकते. पण प्रवास, पाहुणे, परतीला उशीर असे आठ-दहा दिवस सहज जातात. बाटलीचे झाकण घट्ट लावा, ओल आणि ऊन लागू देऊ नका.