जखमी कोंबड्याची घरच्या घरी देखभाल

परसबागेतील कोंबडा कुत्रा, मुंगूस किंवा दुसऱ्या कोंबड्याच्या हल्ल्यात जखमी होतो. बरेचदा तो मूळ जखमेने मरत नाही. इतर कोंबड्या रक्त पाहून जखम टोचतात, माश्या अंडी घालतात आणि कोंबडा पाणी पिणे सोडतो. या तीन गोष्टी टाळल्या तर साध्या जखमा घरीच बऱ्या होतात.

पहिला तास

- कोंबड्याला लगेच कळपातून वेगळे करा. पकडताना पंख अंगाशी धरून कापडात गुंडाळा.
- रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने ५ ते १० मिनिटे सलग दाबून धरा. मध्ये उचलून पाहू नका.
- हवेशीर, शांत व अंधुक जागी खोक्यात किंवा डालग्याखाली ठेवा. उन्हाळ्यात, विशेषतः नवतपात, टिनाखाली ठेवू नका. हिवाळ्यात रात्री एका बाजूला बल्बची ऊब द्या.

जखम धुणे

- एक लिटर पाणी उकळून कोमट करा आणि त्यात दोन सपाट चहाचे चमचे मीठ घाला. या पाण्याने माती व पिसे निघेपर्यंत जखम धुवा.
- जखमेभोवतीची पिसे कात्रीने कापा, उपटू नका.
- पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाचे करा आणि दिवसातून दोनदा लावा. डोळ्यात जाऊ देऊ नका.
- रॉकेल, फिनाईल, चुना किंवा जळके ऑईल लावू नका. त्याने कातडी भाजते, शिवाय कोंबडा चोचीने ते पोटात घेतो.
- पावसाळ्यात एका दिवसात अळ्या पडू शकतात. सकाळ-संध्याकाळ जखम तपासा आणि जागेवर मच्छरदाणी टाका.

चारा-पाणी

पाणी चोचीजवळ ठेवा. पहिल्या दिवशी ओआरएस किंवा थोडा गूळ घातलेले पाणी चालते. घशात ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. चोचीच्या कडेला थेंब सोडा, तो स्वतः गिळतो. पाणी पिऊ लागल्यावर मऊ भात, भिजवलेली ज्वारीची कणी आणि उकडलेले अंडे कुस्करून द्या.

कशाला घाबरावे, कशाला नाही

मुका मार लागलेली जागा दोन-तीन दिवसांत हिरवी दिसते. कोंबड्यांमध्ये हे सामान्य आहे, ते सडणे नव्हे. मात्र कोंबडीवर्गीय पक्ष्यांचा पू पातळ नसतो, घट्ट पिवळ्या गोळ्यासारखा असतो. असा गोळा, दुर्गंधी किंवा काळी पडलेली कातडी दिसली तर पशुवैद्यकांना दाखवा.

पुढील स्थितीत घरी वेळ घालवू नका:

- कुत्र्याचा चावा. वरून छिद्र लहान, आत जखम खोल असते.
- गळ्याच्या पिशवीतून दाणे-पाणी बाहेर येणे, पोट फाटणे, हाड मोडणे, डोळ्याची जखम
- २४ तास काही न खाणे

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. नागपूरकरांना सेमिनरी हिल्स येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे चिकित्सालयही जवळ आहे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. प्रतिजैविक दिल्यास पशुवैद्यक सांगतील तितके दिवस तो कोंबडा खाण्यासाठी वापरू नका.

जखम नसताना मान वाकडी होणे, तुरा निळा पडणे किंवा एकापाठोपाठ मरतुक होणे ही मानमोडी किंवा बर्ड फ्लूची लक्षणे असू शकतात. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका, दवाखान्याला तत्काळ कळवा.

कळपात परत सोडताना

घाई नको. कोंबडा वेगळा केल्यावरही साधारण आठवडाभर फलित अंडी मिळत राहतात, त्यामुळे खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायचे काम थांबत नाही. खपली पडून नवी कातडी येईपर्यंत थांबा. नंतर दोन-तीन दिवस त्याचे डालगे कळपाला दिसेल असे ठेवा आणि संध्याकाळी खुराड्यात सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष ठेवा. भांडण त्या कळपातील दुसऱ्या कोंबड्याशीच झाले असेल, तर दोघांना एकत्र ठेवू नका. आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरेसा असतो.