ड्रॅगनबॉर्न म्हणजे अर्धा ड्रॅगन नव्हे

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. एक जण डन्जन मास्टर होऊन जग उभं करतो, बाकीचे त्या जगात एकेक पात्र घेऊन वावरतात, आणि जिथे काय होईल हे नक्की नसतं तिथे फासे निकाल देतात. पात्र मानव असू शकतं, एल्फ असू शकतं, ड्वार्फ असू शकतं. पण नवा वंश स्वतः रचायचा म्हटलं की बहुतेकांची पहिली उडी ड्रॅगनवरच पडते. साहजिक आहे, खेळाच्या नावातच तो बसलाय. अडचण अशी, की रचायला बसणारा बहुतेक वेळा काही पक्क्या समजुती घेऊन बसतो आणि त्याचा वंश कागदावर झकास दिसूनही टेबलावर आपटतो. खेळाचा पन्नास वर्षांचा इतिहास नीट पाहिला, तर यातल्या बहुतेक चुका आधीच कुणीतरी करून, दुरुस्त करून ठेवलेल्या सापडतात.

गैरसमज: ड्रॅगन खेळायला देणं हे अलीकडचं फॅड आहे

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ काढला, तेव्हाच्या पहिल्या पुस्तिकेतच ही परवानगी आहे. खेळाडूला जवळजवळ काहीही होता येईल, अट एवढीच की सुरुवात दुबळेपणापासून करायची. सुरुवातीच्या छपाईत उदाहरण होतं टोल्किनच्या बालरॉगचं. पुढच्या छपाईत तिथे ड्रॅगन आला: ड्रॅगन व्हायचंय ना, मग आधी पिल्लू व्हा आणि इतरांसारखेच पायरीपायरीने वर चढा. माझ्या मते या विषयावर यापेक्षा शहाणा नियम नंतरही फारसा कुणी लिहिलेला नाही.

पुढे १९८४ मध्ये ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत ड्रॅकोनियन आले, चांगल्या ड्रॅगनांची अंडी भ्रष्ट करून घडवलेले सैनिक. पण ते शत्रू म्हणून. १९९४ च्या ‘काउन्सिल ऑफ वर्म्स’ या पेटीसंचात मात्र खेळाडूंनी सरळ ड्रॅगनच व्हायचं होतं. २००६ मध्ये ‘रेसेस ऑफ द ड्रॅगन’मधून ड्रॅगनबॉर्न आले आणि २००८ च्या चौथ्या आवृत्तीत त्यांना ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये, म्हणजे मुख्य पुस्तकात, जागा मिळाली. त्याच पुस्तकातून नोम हा जुना वंश बाहेर गेला होता, त्यामुळे जुन्या खेळाडूंना हे पाहुणे उपरे वाटले. फॅड हा शब्द बहुधा तिथून चिकटला.

गैरसमज: ड्रॅगनबॉर्न म्हणजे ड्रॅगन आणि माणसाचं मिश्र अपत्य

ते वेगळं प्रकरण. त्याला हाफ-ड्रॅगन म्हणतात, आणि रचनाकाराने त्याचा अभ्यास करायलाच हवा, कारण ड्रॅगनपण सढळ हाताने वाटलं की काय होतं ते तिथे आकड्यांत दिसतं. तिसऱ्या आवृत्तीत हाफ-ड्रॅगनला ताकदीत ८ ची वाढ मिळे, अंगचं चिलखत ४ ने जाड होई, आणि दिवसातून एकदा आठपैलू सहा फाशांचा फूत्कार, म्हणजे सरासरी २७ इजा. एवढं दिल्यावर तोल सांभाळायला त्याच्यावर ३ लेव्हलचा बोजा टाकला. म्हणजे पहिल्या लेव्हलचा हाफ-ड्रॅगन योद्धा चौथ्या लेव्हलचा धरायचा आणि त्याच तोडीच्या पार्टीत उतरवायचा.

आता टेबलावर काय होतं पाहा. पार्टीतल्या साध्या योद्ध्याजवळ चार लेव्हलचे हिट पॉइंट्स असतात, याच्याजवळ एकाच लेव्हलचे. चौथ्या लेव्हलच्या पार्टीला साजेशा राक्षसाचा एक नीट बसलेला फटका, की हा आडवा. जादूगाराची गत तर आणखी वाईट. सोबती दुसऱ्या पायरीचे मंत्र टाकताहेत आणि हा अजून पहिल्याच पायरीवर. प्रचंड ताकद आणि कागदी कवच, असं पात्र खेळणाऱ्याला सुख देत नाही आणि डन्जन मास्टरलाही नाही.

ड्रॅगनबॉर्न हे त्यावरचं उत्तर होतं. २००६ मध्ये ते वेगवेगळ्या वंशांतले भक्त होते, ड्रॅगनदेव बहामुटच्या सेवेसाठी विधी करून अंड्यातून पुन्हा जन्मलेले. २००८ पासून ते स्वतंत्र लोक झाले, अंड्यातून येणारे, स्वतःची कुळं असलेले. २०१४ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये त्यांचं आयुष्य तपशिलात दिलंय. पिल्लू जन्मल्यावर काही तासांत चालतं, तीन वर्षांत दहा वर्षांच्या मानवी मुलाएवढं होतं, पंधराव्या वर्षी प्रौढ, आणि आयुष्य साधारण ऐंशीचं. कुळाचं नाव आधी, स्वतःचं नंतर. लहानपणी लाडाने किंवा चिडवून पडलेलं टोपणनाव सोबतचीच भावंडं वापरतात. हे तपशील कुठल्याही फाशाला हात लावत नाहीत, आणि तरी पात्र कसं बोलेल, कुणापुढे मान तुकवेल, कशाची लाज बाळगेल हे त्यांच्यावरूनच ठरतं. घरचा वंश लिहिताना सगळ्यात जास्त कंजुषी इथेच होते.

‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेममुळे आणखी एक घोळ होतो. त्यातला ड्रॅगनबॉर्न म्हणजे ड्रॅगनचा आत्मा लाभलेला नायक, मग तो कुठल्याही वंशाचा का असेना. नाव तेच असलं तरी त्याचा या वंशाशी संबंध नाही.

गैरसमज: पंख आणि शेपूट नसेल तर तो ड्रॅगन कसला

२०१४ च्या पुस्तकाप्रमाणे ड्रॅगनबॉर्नना दोन्ही नाहीत. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये त्यांना शेपूट दिसतं, त्यामुळे तो गेम खेळून आलेल्यांचा विश्वास बसत नाही. शेपटाने खेळाचं काही बिघडत नाही, खुशाल द्या. पंखांचं तसं नाही.

पहिल्या लेव्हलवर कायमचं उड्डाण दिलं, की खंदक, तट, दरी, बंद फाटक हे सगळे प्रश्न एका पात्रापुरते संपतात. तलवारवाले पहारेकरी खाली उभे राहून वर बघत बसतात. मग डन्जन मास्टर प्रत्येक शत्रूच्या हाती धनुष्य देऊ लागतो, आणि त्याचे बाण खाली उभ्या असलेल्या बाकीच्या चौघांनाही झेलावे लागतात. हे नुसतं तर्काने सांगत नाही. २०१५ मध्ये आराकोक्रा हा उडणारा पक्षीवंश खेळाडूंसाठी आला, तेव्हा ‘अ‍ॅडव्हेंचरर्स लीग’ या संघटित खेळाने त्याला मनाई केली होती.

२०२४ च्या नव्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने ड्रॅगनबॉर्नना पंख दिले, पण कसे ते बघा. पाचव्या लेव्हलला, दहा मिनिटांसाठी, मोठ्या विश्रांतीमागे एकदा. जादूगाराला उडण्याचा मंत्र मिळतो तोही पाचव्याच लेव्हलला, आणि तोही जास्तीत जास्त दहा मिनिटं टिकतो. म्हणजे ज्या टप्प्यावर पार्टी तशीही उडायला लागणार, तिथे हे पंख उघडतात. पंखांची वेळ ठरवायची ती अशी.

गैरसमज: आगीचा फूत्कार हे सगळ्यात जबर हत्यार

सगळ्यांची समजूत हीच, आणि २०१४ चे आकडे नेमके उलट सांगतात. तेव्हाच्या नियमात फूत्कार सहापैलू दोन फाशांचा, सरासरी ७. समोरच्याने सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, जिंकला तर निम्मा. निम्मे शत्रू वाचतात असं धरलं तर दर शत्रूमागे साधारण सव्वापाच. आता तोच ड्रॅगनबॉर्न योद्धा हातातली मोठी तलवार चालवतो तेव्हा दोन फासे अधिक ताकदीचे ३, सरासरी १०. शंभरातले पासष्ट वार लागतात असं धरलं तर साडेसहा. म्हणजे दोन शत्रू एकदम तडाख्यात सापडले तरच फूत्कार परवडतो.

पाचव्या लेव्हलला योद्ध्याला दोन वार मिळतात, ताकद वाढते, त्याची पाळी सरासरी चौदाच्या पुढे जाते. फूत्कार मात्र अजून सातवरच, आणि तो टाकायला अख्खी पाळी खर्च. विषारी फूत्काराच्या हिरव्या ड्रॅगनबॉर्नची आणखी पंचाईत: भुतंप्रेतं, दैत्य, यांत्रिक पुतळे यांच्यातल्या पुष्कळांना विष बाधतच नाही. तक्त्यात दहा रंग शेजारी शेजारी समान दिसतात, पण खेळात त्यांचं वजन सारखं नाही.

दुरुस्ती झाली २०२१ च्या ‘फिझबान्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्स’मध्ये, आणि ती फाशांपेक्षा वेळेच्या हिशोबात होती. फूत्कार अख्ख्या पाळीऐवजी एका वाराच्या जागी टाकता येऊ लागला. पाचव्या लेव्हलला दहापैलू दोन फासे, सरासरी ११, सेव्हिंग थ्रो धरून सव्वाआठ, आणि वर एक वार हातात शिल्लक. एकटा शत्रू असला तरी आता फूत्कार टाकावासा वाटतो. ड्रॅगन असल्याची जाणीव खेळाडूला प्रत्येक झुंजीत व्हावी, एवढंच तर हवं होतं. २०२४ च्या पुस्तकाने हीच पद्धत ठेवली आणि शंकू की सरळ रेषा, हे दर वेळी निवडायची मुभा दिली.

गैरसमज: लाल म्हणजे दुष्ट, सोनेरी म्हणजे सज्जन

खऱ्या ड्रॅगनांपुरती ही जुनी परंपरा आहे: रंगीत ड्रॅगन टियामाटचे, धातूचे बहामुटचे. ड्रॅगनबॉर्नना ती लागू नाही, त्यांचा रंग फूत्काराचा प्रकार आणि त्याच प्रकारच्या इजेपासूनचं संरक्षण एवढंच ठरवतो. इतकंच कशाला, कीथ बेकरच्या २००४ च्या ‘एबेरॉन’ या जगात खुद्द ड्रॅगनांचा स्वभावही रंगावरून ठरत नाही. खवल्यांवरून नियत ठरवणारा वंश लिहिला, की खेळाडूकडे निवडायला काही उरतच नाही.

आणि एक समज आहे की असा वंश लिहिला तरी छापता येणार नाही, हक्क खेळ छापणाऱ्या कंपनीचे आहेत. तसं नाही. पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा ‘एसआरडी ५.१’ हा संच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आणि ड्रॅगनबॉर्न त्यात आहेत. श्रेय द्या, आणि त्यावर बांधून स्वतःचं लिहा, मराठीतही. मात्र ड्रॅगनबॉर्नांच्या आर्कोसियासारखं साम्राज्य किंवा ड्रॅकोनियनांसारखे लोक त्या संचात नाहीत, ते उचलू नका.

लिहून झालं की तोच वंश पहिल्या, पाचव्या आणि अकराव्या लेव्हलला एकेक झुंज खेळवून बघा, शेजारी साधा मानव योद्धा बसवून. आणि खेळ संपल्यावर मत विचारायचं ते त्या मानवाच्या खेळाडूला.