एकाच प्रश्नावर दिलेले मत

काही मतदार उमेदवाराचा पक्ष, त्याची जात आणि त्याची इतर आश्वासने बाजूला ठेवतात आणि एकच गोष्ट पाहतात: कापसाच्या भावासाठी हा लढणार का, गावातली दारू बंद करणार का, वेगळ्या विदर्भाच्या बाजूने उभा राहणार का. अशा मतदाराला ‘एकांगी’ म्हणण्याची पद्धत आहे. परराष्ट्र धोरण, शिक्षण, उद्योग, न्यायव्यवस्था यांचा विचार न करता दिलेले मत कच्चे, असे त्यामागचे म्हणणे. यवतमाळ जिल्ह्यातल्या निवडणुकांचा इतिहास पाहिला, तर हे म्हणणे टिकत नाही.

या जिल्ह्यातल्या वणी गावी १८८० मध्ये जन्मलेले लोकनायक बापूजी अणे हे टिळकांचे अनुयायी. पुढे ते बिहारचे राज्यपाल झाले. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची शिफारस केली होती. ती मानली गेली नाही आणि १ मे १९६० रोजी विदर्भ महाराष्ट्रात आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत, वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेले बापूजी काँग्रेसबाहेर राहून, वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर, नागपुरातून निवडून आले. पंडित नेहरूंची लोकप्रियता तेव्हा शिखरावर होती. नेहरूंना पंतप्रधान म्हणून मानणाऱ्या अनेकांनीही विदर्भाच्या प्रश्नावर बापूजींना मत दिले असणार, नाहीतर हा निकाल लागलाच नसता.

त्याच वर्षी यवतमाळने विदर्भवादी तरुण कार्यकर्ते जांबुवंतराव धोटे यांना विधानसभेत पाठवले. सभागृहात पेपरवेट फेकल्याबद्दल त्यांचे सदस्यत्व रद्द झाले, तरी पोटनिवडणुकीत मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडले. त्या कृतीला मतदारांची संमती होती असे यावरून म्हणता येणार नाही. आपला प्रश्न एवढ्या पोटतिडकीने मांडणारा दुसरा माणूस त्यांना दिसत नव्हता. १९७१ मध्ये देशभर इंदिरा गांधींची लाट असताना धोटे नागपुरातून लोकसभेवर गेले. पुढे ते इंदिरा गांधींच्याच पक्षातून खासदार झाले आणि २००२ मध्ये त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस हा स्वतःचा पक्ष काढला. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर वेगळे राज्य झालेले नव्हते. एका प्रश्नावर दिलेल्या मताने तो प्रश्न सुटतोच असे नाही, हेही या इतिहासातून दिसते. पण ती मते पडली नसती, तर ही मागणी दिल्लीपर्यंत पोचवायला माणूसच मिळाला नसता.

आता कापूस. बाहेरून पाहणाऱ्याला ‘भाव’ हा एकच प्रश्न दिसतो, पण कास्तकारासाठी त्याच्या पोटात दहा प्रश्न असतात. हमीभाव केंद्र सरकार ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. पण भारतीय कापूस महामंडळाचे (सीसीआय) खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही किंवा ओलाव्याच्या नावाखाली माल नाकारला गेला, तर त्या आकड्याचा उपयोग नाही. परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होते. ते ऑगस्ट २०२५ मध्ये वर्षअखेरपर्यंत माफ झाले, आणि ते नेमके बोंडे फुटून कापूस घरी येण्याच्या हंगामात. याशिवाय पीककर्ज, बियाणे, विमा, फवारणी. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कीटकनाशकांची विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. त्यामुळे कापसावर मत देणारा माणूस व्यापार धोरण, बँका, आरोग्य आणि कायदा यांवरही मत देत असतो. त्याचे दार मात्र त्याला ठाऊक असलेले, शेताच्या बांधावरचे आहे.

असा मतदार लक्षातही ठेवतो. मार्च २०१४ मध्ये भाजपचे तेव्हाचे पंतप्रधानपदाचे उमेदवार नरेंद्र मोदी यांनी आर्णी तालुक्यातल्या दाभडी गावी शेतकऱ्यांशी ‘चाय पे चर्चा’ केली. त्या निवडणुकीतल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात उत्पादनखर्चावर ५० टक्के नफ्याचा शब्द होता. २०१८ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दीडपट हमीभावाची घोषणा झाली. मग वाद सुरू झाला तो खर्च कोणता धरायचा यावर. सरकारने रोख खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी धरली. स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीचा हवाला देणाऱ्यांचे म्हणणे, जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याजही त्यात यायला हवे. इतका बारीक हिशेब गावच्या पारावर होतो, कारण तिथल्या माणसाने एकच प्रश्न वर्षानुवर्षे धरून ठेवलेला असतो. दहा विषयांवर वरवर बोलणाऱ्याला तो हिशेब सहसा जमत नाही.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये हीच गोष्ट वेगळ्या अंगाने मांडली. सर्वसाधारण नागरिक सगळ्या प्रश्नांवर सुसंगत विचार करत नाही, पण प्रत्येक प्रश्नाभोवती त्याची नीट जाण असलेला एक लहान गट असतो, असे त्यांचे निरीक्षण होते. मताला आकडा एकच असतो, तीव्रता मोजण्याची सोय मतदान यंत्रात नाही. ज्याच्यासाठी एखादा प्रश्न जगण्या-मरण्याचा आहे, त्याला ती तीव्रता दाखवायची तर बाकी सगळे प्रश्न सोडून देण्यावाचून मार्ग उरत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या वैशाली येडे यांनी केले. त्याच वर्षी त्या प्रहार जनशक्ती पक्षातर्फे यवतमाळ-वाशीमची लोकसभा निवडणूक लढल्या. शिवसेनेच्या भावना गवळी निवडून आल्या, दुसऱ्या क्रमांकावर काँग्रेसचे माणिकराव ठाकरे राहिले. येडे यांना सुमारे २० हजार मते पडली. ‘ही मते वाया गेली’ असे म्हणणे सोपे आहे. जिंकण्याची आशा नसताना माणूस उन्हात रांगेत उभा राहतो, तेव्हा तो निकालासाठी नव्हे, नोंदीसाठी मत देत असतो. ती नोंद निवडणूक आयोगाच्या कागदावर कायमची राहते.

जिल्ह्याची राजकीय रचनाही अशा मतदाराला अनुकूल नाही. यवतमाळचे सात विधानसभा मतदारसंघ तीन लोकसभा मतदारसंघांत वाटलेले आहेत. वणी आणि आर्णी चंद्रपुरात, उमरखेड हिंगोलीत, उरलेले चार यवतमाळ-वाशीममध्ये. कापसाची पऱ्हाटी सगळीकडे सारखीच, पण तिच्यासाठीचे मत तीन ठिकाणी विभागले जाते.

दारूबंदीची गोष्ट निराळी. शेजारच्या वर्ध्यात अनेक दशकांपासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती एप्रिल २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. यवतमाळातही ‘स्वामिनी’ अभियानातल्या बायांनी जिल्हाबंदीची मागणी लावून धरली. इथे महाराष्ट्राने एक चांगली सोय केली आहे. गावातल्या पुरेशा महिलांनी मागणी केली की गुप्त मतदान होते, ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’. आडवीला आवश्यक बहुमत मिळाले की दुकान बंद. प्रश्न असा वेगळा काढून विचारला, की आमदार निवडताना दारूवर मत देण्याची गरजच उरत नाही.

जिथे अशी सोय नसते तिथे लोक मतपत्रिकेलाच निवेदन करतात. १९९६ मध्ये सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे राहिले. त्याच वर्षी फ्लोराइडच्या पाण्याने त्रासलेल्या नलगोंड्यात ४८० होते. त्यानंतर लोकसभेची अनामत रक्कम ५०० वरून १०,००० रुपये झाली. तरीही २०१९ मध्ये तेलंगणातल्या निजामाबादेत हळद उत्पादक मोठ्या संख्येने उभे राहिले आणि उमेदवारांची संख्या १८५ वर गेली. हळद मंडळ २०२५ मध्ये निजामाबादेत सुरू झाले.

एका प्रश्नाच्या मताला धोकेही आहेत. चतुर उमेदवार तेवढ्या एका प्रश्नावर टाळ्या घेतो आणि बाकी कारभारात हात मोकळे ठेवतो. जात किंवा धर्म हाच ‘एक प्रश्न’ करून विकला जातो. त्याला कायद्याने बंधन घातले आहे: उमेदवाराने धर्म, वंश, जात, पंथ, भाषा यांच्या नावाने मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी या बंधनाची व्याप्ती वाढवली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे बंधन मत मागणाऱ्यावर आहे, देणाऱ्यावर नाही. मत कोणाला दिले हे सांगण्याची सक्तीही कलम ९४ नुसार कोणावर करता येत नाही.

आदर म्हणजे सहमती नव्हे. कापसाच्या भावाला प्राधान्य देऊ नये असे वाटणाऱ्याने तसे जरूर सांगावे, पण कापसाचा हिशेब मांडून सांगावे. यवतमाळात मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने आणि त्याच्या बातम्या देणाऱ्या प्रत्येक पत्रकाराने ‘तुमचे मत कोणाला’ हे विचारण्याआधी ‘तुमचा प्रश्न कोणता’ हे विचारावे, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.