अनेकांचा एक सूर : रॉक अल्बम कसा घडतो?

एखाद्या रॉक बँडचा नवा अल्बम येणार अशी बातमी आली की आपल्यापैकी काही मित्र हरखून जातात, तर काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. आवडीनिवडीचा हा वाद जुना आहे आणि तो येथे सोडवायचा नाही. पण अशा बातमीत ‘बँड सध्या स्टुडिओत आहे’ असे जे एक वाक्य असते, त्याचा नेमका अर्थ दोन्ही पक्षांना सहसा ठाऊक नसतो. गाणी बसवून तयार असतील, तर ती वाजवून मुद्रित करायला महिनेच्या महिने का लागावेत? ही मंडळी इतके दिवस आत करतात तरी काय? हे समजून घेऊ लागले की चारचौघांनी मिळून करावयाच्या कोणत्याही कलेविषयी बरेच काही उमगते.

प्रथम ‘अल्बम’ हा शब्द पाहू. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. आपल्या नाशिकात १९२१ साली जन्मलेले पंडित द. वि. पलुस्कर यांनाही रागाचे सारे रूप तेवढ्याच वेळात उभे करावे लागले. अशा अनेक तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या एका जाड पुस्तकात घालून विकल्या जात, म्हणून त्या संचाला ‘अल्बम’ म्हणू लागले. पुढे १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. पुस्तक गेले, नाव मात्र राहिले. कॅसेट आणि सीडी यांच्या काळातही ते टिकले आणि आज मोबाइलवर गाणी ऐकतानाही आपण तेच वापरतो.

महिनेच्या महिने लागण्याचे कारण एका उदाहरणावरून चटकन ध्यानात येईल. इंग्लंडच्या बीटल्स या जगप्रसिद्ध चौकडीने आपल्या पहिल्या अल्बममधील दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी मुद्रित केली. त्याच चौघांना ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या अल्बमला नोव्हेंबर १९६६ पासून एप्रिल १९६७ पर्यंतचा काळ लागला. दरम्यानच्या वर्षांत ते वाजवायला विसरले होते असे नाही. मुद्रणाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली होती. आधी स्टुडिओ हे वाजवलेले टिपून घेण्याचे ठिकाण होते, आता ते स्वतःच एक वाद्य बनले होते. हा बदल ज्या युक्तीमुळे झाला, तिला बहुपदरी मुद्रण म्हणता येईल.

ही युक्ती आपल्या भजनी मंडळाच्या उदाहरणाने समजावून घेऊ. बुवा गातात, पखवाज वाजतो, पेटी सूर धरते, टाळकरी साथ देतात. मध्यभागी एकच मायक्रोफोन ठेवला तर सर्वांचा आवाज एकत्र मुद्रित होईल. टाळ जास्त झाले आणि बुवांचा शब्द ऐकू आला नाही, तर नंतर काही इलाज नाही. आता अशी कल्पना करा की सोमवारी फक्त पखवाजवाल्याला बोलावले आणि त्याचा ठेका एका स्वतंत्र पदरावर घेतला. मंगळवारी पेटीवाल्याने तो ठेका कानाला हेडफोन लावून ऐकत आपली पेटी दुसऱ्या पदरावर वाजवली. बुधवारी टाळकरी आले, गुरुवारी बुवा. चार दिवस, चार पदर, पण ऐकताना भजन एकच. कोणताही पदर पुढे आणावा, मागे सारावा, चुकला तर तेवढाच पुन्हा घ्यावा. या पदरांनाच स्टुडिओच्या भाषेत ट्रॅक म्हणतात. बीटल्सच्या त्या अल्बमच्या वेळी यंत्रात असे चारच ट्रॅक होते. ते भरले की त्यांचे एकत्रीकरण दुसऱ्या यंत्रावर करून जागा मोकळी करावी लागे. आज संगणकावर शंभर ट्रॅकही सहज मावतात.

रॉक बँडच्या स्टुडिओतला क्रम बहुधा असा असतो. सर्वांत आधी कच्चे मुद्रण होते. त्याला डेमो म्हणतात. ते ऐकून गाण्याची लय, लांबी आणि पट्टी ठरते. नंतर हेडफोनमध्ये ‘टिक टिक’ अशी ठरावीक लय सोडतात. त्या लयीला धरून ड्रम वाजवले जातात. ड्रमची पाळी पहिली, कारण बाकी सर्वांना त्यावर उभे राहायचे असते. ड्रमच्या संचाला आठ-दहा मायक्रोफोनही लावावे लागतात. मोठ्या ड्रमला वेगळा, तासासारख्या कडक वाजणाऱ्या स्नेअरला वेगळा, झांजांसाठी वरून दोन. नाशिक ढोलाच्या पथकाशेजारी उभे राहून ज्याने मित्राशी बोलण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला ड्रमची खोली वेगळी का ठेवतात हे सांगायला नको. ड्रमचा आवाज गायकाच्या मायक्रोफोनमध्ये शिरला की दोघांना वेगळे करणे कठीण. ड्रमनंतर बास गिटार येते. तिचा खर्जातला सूर सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, पण ती काढून घेतली तर गाणे पोकळ वाटते. मग इतर गिटार, कीबोर्ड आणि शेवटी गायन. गायक एकच कडवे अनेकदा म्हणतो आणि त्यातील उत्तम ओळी निवडून एक सलग कडवे जोडतात. पूर्वी यासाठी टेप ब्लेडने कापून चिकटवीत. आता आवाजाचे अंकांत रूपांतर होते. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे मोजमाप घेतले जाते. त्यामुळे कापणे-जोडणे पडद्यावरच होते.

सारे पदर भरले की मिक्सिंग सुरू होते. कोणते वाद्य किती मोठे, कोणते डाव्या कानाला, कोणते उजव्या, कोणाचा खर्ज कमी करायचा, कोणाचा तार स्वर उजळायचा, हे सारे येथे ठरते. आवाजाला किती घुमारा द्यायचा हेही येथेच ठरते. पांडवलेण्यांतील एखाद्या मोठ्या लेण्यात टाळी वाजवून पाहा आणि मग गोधड्या ठेवलेल्या खोलीत वाजवून पाहा. टाळी तीच, पण पहिली दूरवर पसरते आणि दुसरी जागच्या जागी विझते. स्टुडिओची खोली मुद्दाम गोधड्यांच्या खोलीसारखी ठेवतात. लेण्याचा घुमारा मागाहून हवा तेवढाच मिसळता येतो. एकदा घुमारा मुद्रित झाला की तो काढून टाकणे मात्र अवघड असते.

शेवटची पायरी मास्टरिंग. वेगवेगळ्या दिवशी तयार झालेली आठ-दहा गाणी एका कुटुंबातली वाटावीत, एक कुजबुजले आणि दुसरे ओरडले असे होऊ नये, म्हणून त्यांची पातळी जुळवतात. गाण्यांचा क्रम आणि दोन गाण्यांमधील अंतर पक्के करतात. क्रमालाही अर्थ असतो. मुंबईच्या डिमॉनिक रेझरेक्शन या हेवी मेटल बँडने २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला. त्यातील गाणी मत्स्यापासून कल्कीपर्यंतच्या अवतारांवर आहेत. तेथे क्रम चुकला तर कथाच चुकेल.

आता आपल्या महाराष्ट्रातील रॉककडे वळू. १९७० आणि १९७१ मध्ये सिमला बीट या स्पर्धेतील बँडच्या तबकड्या निघाल्या, तरी कॉलेजांच्या महोत्सवांत बहुतेक बँड परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल करण्यातच धन्यता मानीत. श्रोत्यांनाही तेच हवे असे. १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या रॉक मशीन या बँडचा आरंभही दुसऱ्यांच्या गाण्यांनीच झाला. परंतु नक्कल रंगमंचावर खपते, अल्बममध्ये खपत नाही. मूळ गाणे उपलब्ध असताना नकलेची तबकडी कोण घेणार? त्यांनी स्वतःची गाणी रचली आणि १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम आला. १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ निघाला. १९९३ मध्ये बँडने इंडस क्रीड हे नाव घेतले आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला. नाव बदलण्यामागे आपण कोठले आहोत हे सांगण्याची ओढ दिसते.

पुढे हा बँड विखुरला. २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे जुने सदस्य दोन नव्या साथीदारांसह पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ प्रसिद्ध झाला. म्हणजे दोन अल्बममध्ये सतरा वर्षांचे अंतर! या अल्बमचे मिक्सिंग टिम पामर या परदेशी तंत्रज्ञाने केले. पदर सुटे असल्यामुळे एका देशात वाजवलेले गाणे दुसऱ्या देशात बसून जुळवता येते, हे त्यावरून दिसते.

येथे एक रास्त शंका निघते. सारेच सुटे सुटे घ्यायचे, चुका पुसायच्या, तर एकत्र वाजवण्याचा प्राण उरतो कोठे? १९९७ मध्ये बाजारात आलेल्या ऑटो-ट्यून या प्रणालीने बेसूर आवाजही सुरात आणता येऊ लागला. मग तालीम हवी कशाला? मला वाटते, शंका खरी आहे, पण तिचे उत्तर स्टुडिओत नसून स्टुडिओच्या आधीच्या महिन्यांत आहे. यंत्र सूर सरळ करील, लय बांधून देईल. पण गायकाने श्वास घेतला त्या क्षणी ड्रमवाल्याने हात आवरावा, हे यंत्राला सुचत नाही. तो समजूतदारपणा तालमीत, एकमेकांचे ऐकून ऐकून येतो. तो असेल तर पदर सुटे घेतले तरी ते एकमेकांना ओळखतात. नसेल तर शंभर ट्रॅक जोडूनही गर्दीच तयार होते. म्हणूनच आजही अनेक बँड निदान ड्रम, बास आणि एक गिटार एकाच वेळी वाजवून घेतात.

हा विषय कलाशाखेच्या विद्यार्थ्याने का अभ्यासावा, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, कोणाचा आवाज मुद्रित होतो हा केवळ यंत्राचा प्रश्न नाही. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ मध्ये जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी हजारो गीते रचली. ती महागड्या स्टुडिओंच्या कृपेने पसरली नाहीत. गावोगावच्या गायकांनी ती कंठात साठवून पुढच्यांच्या हाती दिली. कंठ हीच त्यांची ध्वनिफीत होती. परंतु कंठ थकतो, गायक जातो आणि त्याच्याबरोबर एखादी चालही जाते. ज्यांच्या घरात आजवर कोणी पुस्तक लिहिले नाही की तबकडी काढली नाही, अशा माझ्यासारख्या मुलांच्या आयांच्या आणि आज्यांच्या ओठांवर अशा कितीतरी चाली आहेत.

पूर्वी मुद्रणाची किल्ली कंपनीकडे होती. आज एक संगणक, एक बरा मायक्रोफोन आणि भिंतींना टांगलेल्या गोधड्या एवढ्यावर चार पदरांचे गाणे घरी घेता येते. बीटल्सजवळही पदर चारच होते. आपल्या कॉलेजात गिटार वाजवणारे आहेत, ढोल वाजवणारे आहेत, बागलाणकडून येणारे आणि अहिराणीत सुंदर गाणारे आहेत. स्नेहसंमेलनात दुसऱ्यांची गाणी आपण पुष्कळ गाइली. आता चौघांनी एकत्र बसून आपले एक गाणे रचावे, महिनाभर तालीम करावी आणि मगच मायक्रोफोन सुरू करावा.