दोरीवरचे कपडे आणि छातीतला धूर

जपानमधील यावाता येथे १९०१ साली सरकारी पोलाद कारखान्याची भट्टी पेटली. त्यानंतरची साठ वर्षे तेथील धूर हे समृद्धीचे लक्षण मानले गेले. नगराच्या गीतातही त्याचे कौतुक होते आणि लोक अभिमानाने त्याला 'सात रंगांचा धूर' म्हणत. लोखंडाची तांबूस धूळ, कोळशाची काजळी आणि गंधकयुक्त वायू यांचे ते मिश्रण होते. यावातासह पाच शहरे एकत्र करून १९६३ मध्ये कीटाक्यूशू महानगर निर्माण झाले, तेव्हा हा धूरही त्याच्या वाट्याला आला.

१९६५ साली या महानगरातील शिरोयामा भागात दर चौरस किलोमीटरवर महिन्याकाठी सरासरी ८० टन धूळ पडत असे. घरगुती हिशेबाने सांगायचे, तर दहा चौरस मीटरच्या अंगणात दरमहा पाऊण किलोहून अधिक. शेजारच्या डोकाई उपसागराला लोक 'मृत्यूचा समुद्र' म्हणू लागले होते, कारण १९६६ च्या पाहणीत त्याच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ उरलेलाच नव्हता.

हे सर्वांत आधी जाणवले ते कपडे वाळत घालणाऱ्या स्त्रियांना. तोबाता भागातील महिला मंडळांनी नुसती तक्रार केली नाही. विद्यापीठातील प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली त्या साचणाऱ्या धुळीचे मोजमाप करू लागल्या आणि शाळेतील मुलांच्या गैरहजेरीच्या नोंदी त्यांनी प्रदूषणाच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. १९६५ मध्ये 'आम्हाला निळे आकाश हवे' या अर्थाच्या नावाचा लघुपटही त्यांनी स्वतः तयार केला. यांतील अनेकींचे पती त्याच कारखान्यांत नोकरीला होते. ज्या चिमणीवर घरची चूल पेटते, तिच्याविरुद्ध बोलायचे म्हणजे काय, हे कोणत्याही कारखानदारीच्या गावातील माणसाला वेगळे सांगायला नको. म्हणूनच त्यांच्या धैर्यापेक्षा त्यांच्या वहीचे मोल मला अधिक वाटते. भांडणाला उत्तर देता येते, नोंदीला देणे अवघड जाते.

पुढे चक्रे फिरली. १९७२ मध्ये महानगरपालिकेने ५४ कारखान्यांशी प्रदूषण नियंत्रणाचे करार केले. धूळ पकडणारी यंत्रे बसली आणि कमी गंधकाचे इंधन आले. १९७४ पासून उपसागराच्या तळातील पारायुक्त गाळ काढण्यात आला. तो सुमारे साडेतीन लाख घनमीटर भरला आणि खर्चाचा मोठा वाटा कारखान्यांनी उचलला. मासे परतले. १९८७ मध्ये जपानच्या पर्यावरण विभागाने तारे पाहण्यास योग्य शहरांत कीटाक्यूशूची निवड केली.

आकाश धुतले गेले, पण ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे त्या हवेत काढली त्यांच्या फुप्फुसांचे काय? हवा सुधारल्याचा लाभ शरीराला लवकर होतो, याचा पुरावा अमेरिकेतील युटा राज्यात मिळाला. तेथील जिनीव्हा पोलाद कारखाना ऑगस्ट १९८६ पासून सुमारे तेरा महिने बंद होता. अर्थशास्त्रज्ञ आर्डेन पोप यांनी रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकारांमुळे दाखल होणाऱ्या मुलांची संख्या, तो बंद असलेल्या हिवाळ्याच्या तुलनेत दुप्पट ते तिप्पट होती. नव्या हवेने जुनी हानी मात्र भरून निघत नाही. श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या असतील, तर पुढील ऱ्हास मंदावतो आणि दम्याचे किंवा खोकल्याचे झटके कमी होतात. इतका दिलासाही थोडा नसतो.

आपल्याकडे जिना चढताना धाप लागली, की 'वय झालं आता' असे म्हणून विषय संपवला जातो. घरचे म्हणतात आणि ज्येष्ठ स्वतःही म्हणतात. यामागे दीर्घकालीन श्वसनरोध असू शकतो, आणि तो कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही होतो. फुंकर मारून करण्याच्या स्पायरोमेट्री चाचणीने तो ओळखता येतो. परंतु चाचणी सुचण्यासाठी डॉक्टरांना पूर्वायुष्य कळावे लागते, आणि बाह्यरुग्ण विभागातील पाच मिनिटांत ते कोणी विचारत नाही.

म्हणून काळजी घेणाऱ्यांनी एखाद्या निवांत दुपारी आई-वडिलांजवळ वही घेऊन बसावे. कोणत्या गावी, कोणत्या साली राहिलात? चिमण्या घरापासून किती अंतरावर होत्या? काम भट्टीजवळ होते, कोळशाच्या विभागात की कचेरीत? स्वयंपाक किती वर्षे चुलीवर केला? आणि एक प्रश्न आईला अवश्य विचारावा: बाबांचे कामाचे कपडे घरी कोण धूत असे? जुन्या भट्ट्यांच्या व नळांच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू कपड्यांतून घरी येत, ते झटकणाऱ्या व धुणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जात, आणि त्यापासून होणारा आजार वीस ते पन्नास वर्षांनंतरही डोके वर काढू शकतो. कधी कारखान्याची पायरीही न चढलेल्या गृहिणीच्या कागदपत्रांत हा तपशील कुठेच नसतो. तो तिच्या आठवणीत असतो. पुढच्या तपासणीला जाताना ती वही औषधांच्या पिशवीतच ठेवावी.