ओवेन ग्लिन्डूर

शेक्सपीअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकांतला ग्लेंडोवर वाचकांस आठवत असेल. पाताळांतील पिशाच्चांना हांक मारण्याची बढाई तो मारतो आणि हांशें पिकवितो. इतिहासांतला ओवेन ग्लिन्डूर मात्र निराळा, आणि आमच्या मतें पुष्कळच मोठा आहे.

वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. १२८२ सालीं त्याचा शेवटचा स्वतंत्र राजा पडला, आणि पहिल्या एडवर्डनें किल्ले बांधून तो आवळून धरला. ओवेन तेथील जुन्या राजकुळांतला सधन जमीनदार. इंग्रज राजासाठीं स्कॉटलंडांत लढलेला. पण शेजारच्या लॉर्ड ग्रेशीं जमिनीचा तंटा विकोपास गेला, आणि १६ सप्टेंबर १४०० रोजीं अनुयायांनीं त्याला वेल्सचा राजपुत्र म्हणून पुकारलें. ऑक्सफर्डचे वेल्श विद्यार्थी अभ्यास सोडून घरीं परतत आहेत, अशी तक्रार पुढल्याच वर्षीं पार्लमेंटांत झाली! १४०२ च्या कायद्यांनीं वेल्श लोकांच्या सभांना व शस्त्रांना बंदी झाली. तरी बंड वाढतच गेलें. १४०४ मध्यें हार्लेख व अ‍ॅबरिस्टविथ हे बळकट किल्ले त्याच्या हातीं आले, आणि माखनलेथ गांवीं त्यानें स्वतःची लोकसभा भरविली.

आम्ही जन्मभर शाळेंत घालविलेले. म्हणून १४०६ सालचें त्याचें एक पत्र आम्हांला या सर्व लढायांहून मोलाचें वाटतें. त्या काळीं ख्रिस्ती जगांत दोन पोप होते. आव्हिन्याँच्या पोपास आपण मान्यता देऊं, असें त्यानें पेनालहून फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्सला कळविलें. मोबदल्यांत काय मागितलें? वेल्समध्यें वेल्श भाषा जाणणारेच धर्मोपदेशक नेमावेत, आणि दोन विद्यापीठें स्थापावींत : एक उत्तरेंत, एक दक्षिणेंत. शत्रु उंबरठ्याशीं आणि हा गृहस्थ विद्यापीठांची आंखणी करतो! प्रत्यक्षांत वेल्सला विद्यापीठ मिळालें तें १८९३ सालीं.

फ्रेंचांची मदत टिकली नाहीं. १४०९ मध्यें हार्लेख पडलें. पत्नी मार्गारेट, मुली व नाती लंडनच्या बंदिखान्यांत गेल्या. मुलगी कात्रिन १४१३ मध्यें तेथेंच वारली. ओवेन मात्र डोंगरांत दिसेनासा झाला. त्याच्या स्वतःच्या माणसांनीं त्याला धरून दिलें नाहीं. १४१५ मध्यें पांचव्या हेन्रीनें माफी देऊं केली; ती घेण्यास तो आला नाहीं. पुढें १४२१ सालीं मुलगा मारेडिथ यानें ती स्वीकारली.